मानधन

दुसऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेणे हा आमचा धंदा आहे, आणि त्याचे पैसे घेताना आम्हांस आजवर कधी संकोच वाटलेला नाही. बऱ्हाणपुरात शनवारा दरवाजाच्या अलीकडे आमची बैठक आहे. सकाळी कोर्टात जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर तेथे माणसे येतात, बाकावर बसतात आणि सांगू लागतात. कोणी केळीच्या बागेचा बांध सांगतो, कोणी यंत्रमागाच्या भाड्याची थकबाकी सांगतो, कोणी भावाभावांतला वाटा सांगतो. खानदेश आणि निमाड यांच्या सांध्यावरचे हे गाव असल्यामुळे मराठीत सुरू झालेले वाक्य हिंदीत वळण घेते आणि उर्दूत संपते. पक्षकार जे सांगतो त्यातला चार आणे भाग कायद्याच्या उपयोगाचा असतो. उरलेला बारा आणे नुसता मनाचा. आम्ही चार आणे टिपून घेतो, बारा आणे सोडून देतो, आणि फी मात्र सोळा आण्यांची घेतो.

त्या सोडून दिलेल्या बारा आण्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्या मनात आला नव्हता. तो आमच्या भाचीने आणला.

ही आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी, रावेरची. मानसशास्त्र घेऊन ती एम. ए. झाली आणि चार वर्षांपूर्वी पश्चिमेकडील एका मोठ्या शहरात, मानसिक आजाराने पीडलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत नोकरीस लागली. त्या वेळी घरात मोठाच कल्लोळ झाला. ‘चांगली शिकलेली पोर वेड्यांच्या इस्पितळात पाठवता?’ असे बहिणीच्या सासरच्यांनी विचारले. वकिलाला घरातही कोर्ट भरवण्याची खोड असते. आम्ही भाचीचे वकीलपत्र घेतले आणि तासभर भाषण केले. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडाचा शिक्का होता आणि त्याचा भर माणसास कोंडून कसे ठेवावे यावर होता. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत मरण पावले तेव्हा सारा देश हादरला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या हक्कांची यादीच मांडली. जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, त्यास गुन्हेगार म्हणून उभे करू नये, हे त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमात आले. इतके झाल्यावर समोरची बाजू गप्प बसली. आम्ही खटला जिंकला आणि मुलगी गेली. म्हणून पुढे जे घडले त्यात आमचाही वाटा आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

यंदा माघात ती अचानक आली. लालबागेच्या स्थानकावर आम्ही तिला उतरवून घ्यावयास गेलो, तेव्हा दोन मोठ्या पेट्या पाहून मनात पाल चुकचुकली. चार दिवसांसाठी येणारे माणूस दोन पेट्या आणीत नाही. घरी आल्यावर ती झोपली ती जवळजवळ तीन दिवस. आमच्या मंडळींनी दराबा केला, मावा जिलेबी आणवली. तिने ‘छान झालंय मामी’ म्हणून चव घेतली आणि ताट सरकवले. चौथ्या दिवशी पक्षकार गेल्यावर ती बैठकीत आली, समोरच्या बाकावर बसली आणि एक फाइल आमच्यापुढे ठेवून म्हणाली, ‘मामा, हे आधी वकील म्हणून वाचा. मामा म्हणून मागाहून वाचा.’

फाइल आम्ही उघडली नाही. आधी तिला सांगू दिले. तीन संध्याकाळी ती सांगत होती आणि आम्ही, बहुधा आयुष्यात प्रथमच, चार आणे वेगळे न काढता ऐकत होतो.

पहिल्या वर्षाविषयी बोलताना तिचा चेहरा उजळला. काम म्हणजे काय, तर वस्तीत जायचे, घरात बसायचे, घरच्या माणसांस आजार समजावून द्यायचा. औषधे वेळेवर घेतली जातात ना ते पाहायचे. सरकारी इस्पितळाच्या रांगेत रुग्णाबरोबर उभे राहायचे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी खेटे घालायचे. आणि संध्याकाळी या साऱ्याची नोंद करायची. एक तरुण कित्येक महिने मुकाट येऊन बसत असे. एके दिवशी तो एकदम म्हणाला, ‘आज चहात साखर कमी आहे.’ त्या एका वाक्याने कार्यालयात दिवाळी झाली. फोंड्याकडील एक वृद्ध बाई आपल्या आजारी मुलास घेऊन दर आठवड्यास येई. भाचीने एकदा मुलाऐवजी तिलाच विचारले, ‘आजी, तुम्हांला झोप लागते का?’ वीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता. ती बराच वेळ बसून राहिली आणि उठताना तिच्या भाषेत म्हणाली, ‘देव बरें करूं.’ भाची सांगत होती, ‘मामा, पगाराची तारीख मी विसरायची. तो शब्द विसरायची नाही.’

हे काम भाबड्या दयेचे आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्याच मुलखातील उदाहरणे पाहावीत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने मुक्तांगण उभे केले. तेथे काम करणाऱ्यांत एके काळी स्वतः व्यसनात बुडालेली आणि तेथेच सावरलेली माणसे पुष्कळ आहेत. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचे कार्यकर्ते रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस उचलून आणतात, आणि बरे वाटल्यावर आगगाडीने त्यांच्या गावापर्यंत पोचवून येतात. या कार्याबद्दल वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या स्थानकावरून उत्तरेकडे धडधडत जाणाऱ्या गाड्या पाहताना आता आम्हांस उगीचच वाटते, यांतल्या एखाद्या डब्यात असा एखादा कार्यकर्ता खिडकीशी बसलेल्या माणसाच्या घराची वाट मोजीत असेल.

गोमंतकाचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. मनावर चालणारी शक्ती मोहिनी घालणाऱ्याच्या हातात नसून ती मोहित होणाऱ्याच्याच मनात असते, हे पॅरिसच्या लोकांस सांगणारा आबे फारिया १७५६ साली कांदोळीत जन्मला. त्याच भूमीत १९९६ साली ‘संगाथ’ ही संस्था निघाली. तिने ‘मानस’, म्हणजे ‘मनशांती सुधार शोध’, या नावाने एक प्रयोग केला. गोव्यातील २४ दवाखान्यांत तो झाला. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या साध्या माणसांस थोडे प्रशिक्षण देऊन त्यांनी रुग्णांशी बोलावे, धीर द्यावा, मार्ग सुचवावा, अशी ती योजना. २०१० साली तिचे फलित प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत असा समुपदेशक जेथे होता तेथे सहा महिन्यांनी शंभरांतील सुमारे ६६ रुग्ण बरे आढळले. जेथे नव्हता तेथे सुमारे ४३. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. त्याच संस्थेच्या पुढील एका कार्यात, ज्याचे निष्कर्ष २०१७ साली आले, या समुपदेशकांनी आपापल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकावीत आणि एकमेकांस गुण द्यावेत, अशी पद्धत होती. म्हणजे ऐकणाऱ्याचे ऐकणेही कोणी तरी ऐकत होते. ही गोष्ट आम्ही भाचीस सांगितली, तेव्हा ती खिन्नपणे हसली. ‘आमच्याकडेही होतं असं,’ ती म्हणाली. ‘पहिल्या वर्षी. दर शनिवारी एक तास. मग तो तास नोंदींच्या कामाला गेला.’

येथून पुढची हकीकत वेगळी आहे. तिची संस्था कोणती हे सांगण्याचे कारण नाही. वर नावे घेतली त्यांपैकी ती नव्हे एवढे पुरे. संस्थेचा कारभार देणग्यांवर, आणि देणग्या वर्षाच्या बोलीवर. तिसऱ्या वर्षी एक मोठी देणगी थांबली आणि महिन्याभरात सहा सहकारी गेले. त्यांचे रुग्ण मात्र गेले नाहीत. ते उरलेल्यांत वाटले गेले. भाचीच्या वाट्याला चाळीस होते ते सत्तर झाले. नव्याने आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारी, ‘त्या ताई कुठे गेल्या?’ आणि त्याचे उत्तर देणे हेही कामच होऊन बसले. रजा मागितली तर कोणी नाही म्हणत नसे. ‘आपण एक कुटुंब आहोत, तूच ठरव,’ असे म्हणत. ताणाचे नियोजन कसे करावे यावर कर्मचाऱ्यांसाठी एक शिबिर झाले. ते रविवारी, सुटीच्या दिवशी, ठेवले होते. हे सांगताना आम्हां दोघांनाही हसू आवरेना.

मग ती हसायची थांबली. तिच्या रुग्णांपैकी एका मध्यमवयीन गृहस्थांनी आपले जीवन संपवले. वर्षभर ते तिच्याकडे येत होते. आदल्याच आठवड्यात मुलीच्या शाळेविषयी बोलून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. त्यांची फाइल पूर्ण आहे का, एवढे विचारण्यात आले. फाइल पूर्ण होती. सर्व तारखा होत्या, सह्या होत्या. ‘तुझ्या नोंदी नेहमीच चोख असतात,’ असे प्रशस्तिपत्रही मिळाले. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर महिन्याच्या तक्त्याची आठवण आली.

‘मग?’ आम्ही विचारले.

‘मग मी तक्ता भरला, मामा. नीट भरला. रडू आलं नाही, हात थरथरला नाही. मृत्यूसाठी एक रकाना होता, त्यात एक आकडा लिहिला. आणि मग त्याचीच भीती वाटली.’

बाहेर शनवाऱ्यात रहदारी चालू होती. आम्ही काय बोलावे हे आम्हांस सुचले नाही, आणि ज्याअर्थी सुचले नाही त्याअर्थी आम्ही वकिलाचा आश्रय घेतला. ‘नोटीस देऊ,’ आम्ही म्हणालो. ‘आज रात्री मसुदा करतो.’

‘कोणाला देणार?’ ती म्हणाली. ‘आमच्या साहेबांना? त्यांनी स्वतः दोन वर्षं रजा घेतलेली नाही. त्यांनाही कोणी विचारत नाही. तुम्ही फाइल तर वाचा.’

आम्ही फाइल वाचली. त्यात नेमणुकीचे चार कागद होते. दर वर्षाचा एक, आणि प्रत्येक अकरा महिन्यांचा. मधला एक महिना कागदावर रिकामा. त्या महिन्यात ती काम मात्र करीतच होती. कागदात ‘वेतन’ हा शब्द कोठेही नव्हता, ‘मानधन’ होता. ‘सदर नेमणूक सेवाभावी स्वरूपाची असून तीमुळे कोणताही हक्क उत्पन्न होणार नाही,’ असे एक कलम होते. ते वाचता वाचता आमच्या कानशिलांस ऊन लागले. कारण ते वाक्य आमच्या परिचयाचे होते. शब्द न शब्द परिचयाचा. त्या शहरातील त्या संस्थेचा आणि आमचा काडीचा संबंध नाही; पण आमच्या गावातील एका धर्मादाय मंडळासाठी गेली दहा वर्षे आम्ही हेच वाक्य लिहीत आलो आहोत. वकिलांचे साचे गावोगाव फिरतात. त्या मंडळाकडून आम्ही फी घेत नाही, आणि त्या औदार्याचा आम्हांस किंचित अभिमानही होता. आपण कोणाच्या खिशातून उदार झालो होतो, हे त्या रात्री कळले.

कायद्याचे म्हणाल तर गोष्ट अशी आहे. १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे प्रश्न होता की ‘उद्योग’ कशास म्हणावे. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाचा धर्मादाय संस्थांपुरता आशय असा होता की, दान करतो तो संस्थाचालक. तेथे पोटासाठी राबणारा नोकर दान करीत नसतो, तो नोकरीच करीत असतो. तेव्हा संस्था धर्मादाय आहे एवढ्यावरून त्याचे हक्क बुडत नाहीत. निकाल वाचताना विद्यार्थिदशेत आम्ही टाळ्या वाजवायचेच काय ते बाकी ठेवले होते. पुढे १९८२ साली संसदेने धर्मादाय संस्थांस वगळणारी दुरुस्ती केली. ती अमलात कधीच आली नाही. मात्र २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक व परोपकारी सेवेच्या संस्था ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. इतर कायद्यांचे थोडेफार छत्र उरते. पण १९७८ चे ते मोठे छप्पर उडाले. २०१७ चा कायदा रुग्णाचे हक्क मोजून देतो, ते योग्यच आहे. त्या रुग्णापाशी बसणाऱ्याच्या थकव्यासाठी मात्र त्यात कलम नाही.

आणि हा थकवा काही नवा नव्हे. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचा मानसशास्त्रज्ञ एका मोफत दवाखान्यात सेवा करीत असे. मोठ्या उमेदीने आलेले तेथील कार्यकर्ते वर्ष-दीड वर्षात आतून जळून राख होतात, असे त्यास दिसले, आणि १९७४ साली त्याने या अवस्थेवर लेख लिहिला. ज्या शब्दाने आज मोठमोठ्या कंपन्यांतील अधिकारी आपली कंटाळलेली अवस्था सांगतात, तो शब्द असा धर्मादाय दवाखान्यातून रूढ झाला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद घेतली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. हा भेद वकिलास तत्काळ उमगतो. आजार माणसाचा असतो; अवस्था ठिकाणाची असते. औषध कोणास द्यावयाचे, हे त्यावरून ठरते.

पाचव्या दिवशी आम्ही भाचीस कुंडी भंडारा पाहावयास नेले. खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५ च्या सुमारास, एका इराणी जाणकाराच्या सल्ल्याने बांधलेली ही आमच्या गावाची पाण्याची व्यवस्था. सातपुड्याच्या बाजूने जमिनीत मुरलेले पाणी भुयारांतून वाहत येते, आणि त्या भुयारांवर विहिरीसारख्या कुंड्यांची रांग आहे. पाळण्यातून सुमारे ८० फूट खाली उतरावे लागते. खाली काळोख, घोट्याला लागणारे गार पाणी, आणि दिव्याच्या उजेडात पांढऱ्या भिंती. तो पांढरेपणा चुन्याचा आहे. पाणी निर्मळ, पण त्याच पाण्यातला चुना वर्षानुवर्षे भिंतींवर बसतो आणि वाट अरुंद करीत जातो. भाचीने भिंतीवर हात ठेवला.

‘हा कोणी काढत नाही?’

‘काढला पाहिजे,’ आम्ही म्हणालो. ‘नाही तर एक दिवस पाणी थांबेल.’

ती पुढे काही बोलली नाही. आम्हीही, सवय सोडून, बोललो नाही. पण वर आल्यावर उन्हात उभी राहून तिने विचारले, ‘मामा, नोटीस नको. एक पत्र लिहायला मदत कराल?’

पत्र तिनेच लिहिले. आम्ही केवळ शुद्धलेखन पाहिले. त्यात तीन मागण्या होत्या. अकरा महिन्यांचा कागद जाऊन वर्षाचा यावा आणि त्यात वेतनास वेतन म्हणावे. शनिवारचा तो एक तास परत मिळावा आणि त्यात नोंदी नसाव्यात. आणि रुग्ण दगावल्यास त्याच्या फाइलीआधी त्याच्यापाशी बसणाऱ्या माणसाची विचारपूस व्हावी. आम्ही सुचवले की चौथी मागणी नुकसानभरपाईची घालावी. तिने ती घातली नाही.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. शनिवारचा तास मंजूर झाला होता. तिसरी मागणी साहेबांनी स्वतःच्या हस्ताक्षरात मान्य केली होती, आणि खाली एक ओळ लिहिली होती की ही गोष्ट आपल्यालाही कोणी तरी विचारावी असे फार दिवस वाटत होते. पहिली मागणी ‘विश्वस्तांच्या विचाराधीन’ होती. या शब्दाचा अर्थ आम्ही भाचीस समजावून सांगितला. तरी ती गेली. दोन्ही पेट्या घेऊन गेली. सहा महिने पाहते, म्हणाली. नाहीच जमले तर हेच काम दुसरीकडे करीन, पण काम हेच करीन. रावेरहून बहिणीचा फोन आला, तेव्हा या वेळी आम्ही भाषण केले नाही. तिलाच विचारले, ‘तुला झोप लागते का?’ पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मागील आठवड्यात आमच्या गावच्या त्या मंडळाचे चिटणीस नव्या नेमणुकांचे कागद घेऊन बैठकीत आले. दोन परिचारिका आणि एक समुपदेशक नेमावयाचा होता. आम्ही जुने कलम खोडले, अकराचे बारा केले, आणि ‘मानधन’ पुसून ‘वेतन’ लिहिले. चिटणीसांनी चष्मा वर केला. ‘वकीलसाहेब, लोक येथे सेवेसाठी येतात. तुम्ही त्यातला मानच काढून टाकलात.’

‘मान आपण देतच राहा,’ आम्ही म्हणालो. ‘त्याला कागद लागत नाही. धन तेवढे कागदावर असू द्या.’

कागद ते घेऊन गेले आहेत. मंडळाची सभा पौर्णिमेनंतर आहे.